चि. मनीषास, ट्रॅक्टरच्या ब्रेकबद्दल

वागळे इस्टेट, ठाणे

चि. मनीषा,
अनेक आशीर्वाद.

डाव्या चाकाच्या ब्रेकचं पेडल पार खाली जातं, उजव्याचं कडक लागतं आणि मेकॅनिक पेडलपासून ब्रेकपर्यंत जाणारा रॉड आवळून द्यायला तयार आहे, असं तू फोनवर म्हणालीस. रॉडला हात लावू देऊ नकोस. आवळल्यावर चार दिवस ब्रेक लागल्यासारखा वाटेल, पण पेडलची मोकळी चाल संपली की लायनर, म्हणजे ब्रेकच्या डिस्कवरचं अस्तर, सतत घासत राहतं, तापतं, वर चकाकी धरतं आणि मग आणखीच कमी पकडतं. आत काय झालंय ते आधी बघायला हवं.

आपल्या बी-२७५ ट्रॅक्टरला कोरड्या डिस्कचे ब्रेक आहेत आणि ते चाकावर नाहीत, बुल पिनियनच्या, म्हणजे चाकाकडचा मोठा गिअर फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या, शाफ्टवर आहेत. हा शाफ्ट चाकापेक्षा बराच जोरात फिरतो, म्हणून एवढ्याशा डिस्कला एवढं धूड आवरतं. प्रत्येक बाजूला दोन डिस्क आणि त्यांच्या मधे ॲक्चुएटर, म्हणजे दोन लोखंडी प्लेटा, उतरत्या खाचांत बसवलेले पोलादी छर्रे आणि प्लेटांना जवळ ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा. पेडल दाबलं की प्लेटा एकमेकींच्या उलट दिशेने किंचित फिरतात, छर्रे खाचांचा उतार चढतात, प्लेटा फाकतात आणि डिस्क दाबल्या जातात.

आपल्याकडे घोळ होतो तो चिखलणीत. केजव्हील, म्हणजे चिखलात चालणारी लोखंडी जाळीची चाकं, लावून दिवसभर खाचरात फिरलं की फाटक्या रबरातून पाणी आणि गाळ ब्रेकच्या हाऊसिंगमध्ये, म्हणजे कवचात जातो. मग ट्रॅक्टर महिनाभर उभा, आणि छर्ऱ्यांच्या खाचा गंजतात. असा ब्रेक एकतर लागत नाही, नाहीतर लागला की सुटत नाही. शिवाय शेतात आपण एका बाजूचा ब्रेक दाबून बहुतेक एकाच अंगाला वळतो, त्यामुळे एका बाजूचं लायनर आधी संपतं. तुझं डावं पेडल खाली जाण्याचं कारण तेच असेल, पण ते उघडूनच ठरव.

ट्रॅक्टर सपाट, कडक जमिनीवर घे. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लाव, मागे जॅक लावून ॲक्सलखाली जाड लाकडी ठोकळे दे. नुसत्या जॅकवर हात आत घालायचा नाही. चाक आड येत असेल तरच काढ, आणि टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर एकटीने अजिबात नको, काकांना आणि आणखी एकाला बोलाव.

हाऊसिंग काढण्याआधी बाहेरचं तपास. रॉडच्या टोकाची पिन आणि तिचं भोक लांबट झालं असेल तर अर्धी चाल तिथेच वाया जाते. दोन्ही पेडलं उजव्या पायाशी असल्याने डाव्या ब्रेकचा जोर आडव्या शाफ्टवरून पलीकडे जातो. तो शाफ्ट गंजून अडकला असेल तर पेडल परत वर येत नाही, आणि बिचाऱ्या लायनरला शिव्या बसतात.

आता उघड. प्लेटा कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तोंडाने बसल्यात त्याचा मोबाइलवर फोटो घे, छर्रे मोजून डबीत ठेव. आतली काळी भुकटी कॉम्प्रेसरने उडवू नकोस. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते छातीत जातं. ओल्या फडक्याने पूस आणि ते फडकं पिशवीत बांधून टाक.

डिस्कवर तेल दिसलं तर तिथेच थांब. पेट्रोल टाकून जाळलं की लायनर सुकतं असं बरेच जण सांगतील. वरचं तेल जळतं, आत मुरलेलं गरम झालं की परत वर येतं. ते लायनर बदलायचंच, पण ऑइल सील, म्हणजे शाफ्टभोवतीची तेल अडवणारी रिंग, आधी. नवं सील बसवताना त्याची ओठाची बाजू तेलाकडे ठेव आणि शाफ्टवर जुन्या सीलची चर पडली आहे का ते नखाने चाचप. चर असेल तर नवं सीलही गळणार. गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर जायचं भोक, मातीने बुजला असेल किंवा तेल खुणेच्या वर भरलं असेल तरी आत दाब वाढून सील सुटतं. हे कोणी बघत नाही.

ॲक्चुएटरच्या खाचा बारीक पॉलिश पेपरने साफ कर. खड्डे पडलेले छर्रे आणि ढिल्या झालेल्या स्प्रिंगा सगळ्या एकदम बदल. खाचेत उष्णता सोसणारं ग्रीस, तेही पुसट. साधं चॅसी ग्रीस वितळून लायनरवर जातं. रिव्हेटची डोकी लायनरच्या वर आली असतील तर समोरच्या प्लेटेला रेघा पडल्या असतील. रेघा खोल असतील तर तो भाग लेथवर घासून घ्यावा लागेल. लायनर दोन्ही बाजूंचं एकदमच बदलायचं. एक नवं, एक जुनं चालवलंस तर ट्रॉलीसकट ट्रॅक्टर एका अंगाला ओढला जाईल, आणि कमी लागणाऱ्या ब्रेकपेक्षा ते वाईट.

जोडल्यावर पेडलची मोकळी चाल दोन्हीकडे सारखी ठेव, साधारण एक ते दीड इंच. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धर. उचललेलं चाक पेडल सोडल्यावर हाताने मोकळं फिरलं पाहिजे, दाबल्यावर हललं नाही पाहिजे. मग रिकाम्या माळावर, ट्रॉलीशिवाय, हळू चालवून दोन्ही पेडलं कडीने जोडून दाब. ज्या बाजूला ओढेल त्या बाजूचा रॉड अर्धा आटा सैल कर, पुन्हा बघ, मग लॉकनट कस. दोन्ही चाकांच्या घसरल्याच्या खुणा सारख्या दिसेपर्यंत मुरबाड रस्त्यावर आणायचा नाही. रस्त्यावर कडी कायम लावलेली. उतारावर ट्रॉली असेल तर वरूनच खालचा गिअर टाक, क्लच दाबून उतरू नकोस.

डिस्क काढल्यास की चारही, आणि खोल रेघा पडलेल्या प्लेटा असतील तर त्याही, गोणपाटात बांधून पाठव. लायनर इथे बसवून घेतो आणि प्लेटाही लेथवर देतो. सीलवर कोरलेला नंबर वाचता आला तर तोही कळव, म्हणजे मी दुकानात विचारून ठेवीन.

तुझे बाबा