आईच्या उजव्या हाताबद्दल

प्रिय आई आणि बाबा,

काल व्हिडिओ कॉलवर, आई, तू पाण्याचा पेला डाव्या हाताने उचललास. उजवा हात मांडीवर नुसता ठेवला होतास, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा. फोन ठेवल्यावरही तो हात डोळ्यांपुढून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

बाबा, आधी तुमच्याशी बोलतो. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही तिला इकडची काडी तिकडे करू दिली नाहीत. मीही तेच केलं. आलो होतो तेव्हा तिच्या हातातले वाळलेले कपडे काढून घेतले आणि "तू फक्त पडून राहा" म्हणालो. हॉस्पिटलने दिलेल्या कागदावर "जड उचलू नये" एवढंच होतं. किती दिवस, पुढे काय, ते कुणी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही. त्या एका ओळीवर आपण तीन महिने काढले. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आई, तू म्हणतेस, "झोपून उठले तरी अंगात त्राण नसतं." केमोचा थकवा तसाच असतो, झोपेने भरून निघत नाही. पडून राहिलं की स्नायू झिजतात, मग चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते, की आपण पुन्हा आडवे. हळूहळू चालायला लागलं की हे चक्र तुटायला मदत होते. 2019 मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून सांगितलं, की आठवड्यातून तीनदा अर्धा तास बऱ्यापैकी वेगाने चालण्यासारखा व्यायाम साधारण 12 आठवडे केला, तर थकवा, चिंता, उदासी कमी होते. 2022 मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने, बरं करण्यासाठीचे उपचार चालू असतानाच रुग्णांना व्यायाम सांगा, अशी शिफारस केली. म्हणजे "सगळं संपू दे, मग बघू" हे आपलं म्हणणंच चुकीचं होतं.

आणि हाताचं. ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या की हात सुजेल, म्हणून तो वापरूच नका, असं पूर्वी सरसकट सांगत. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये 1996 साली डॉन मॅकेन्झी नावाच्या डॉक्टरांनी स्तनांचा कर्करोग होऊन गेलेल्या 24 बायकांना चक्क लांब नावेत बसवून वल्ही मारायला लावली. एकीचाही हात नव्याने सुजला नाही! पुढे 2009 मध्ये आधीच हात सुजलेल्या 141 जणींवरचा अभ्यास आला. ज्या वजनं उचलत होत्या, त्यांची सूज न उचलणाऱ्यांपेक्षा वाढली नाही, उलट ती उफाळून येण्याचं प्रमाण कमी झालं. मात्र त्या शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनापासून हळूहळू वाढवत गेल्या होत्या. बाबा, हे नीट वाचा.

म्हणून पुढच्या केमोच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "हिने किती चालायचं, आणि हातासाठी फिजिओकडे कधी जायचं?" त्यांनी हो म्हटलं की दहा मिनिटांपासून सुरुवात करा, दोघं मिळून. केमोनंतरचे दोन-चार दिवस जमेल तेवढंच. ताप, चक्कर, छातीत दुखणं असेल तर अजिबात नाही. बाही घट्ट व्हायला लागली किंवा हात जड वाटला तर लगेच कळवा.

फिजिओ बहुधा भिंतीचा व्यायाम शिकवतील. भिंतीसमोर उभं राहून बोटं हळूहळू वर चढवायची. ओढ बसेल तिथे थांबायचं, कळ येऊ द्यायची नाही. बाबा, बोटं पोचतील तिथे पेन्सिलने खूण करा आणि तारीख घाला. भिंत खराब होऊ दे.

आई, पुढच्या रविवारी फोन केला की आधी मला ती भिंत दाखव.

तुमचा,
धाकटा