बढतीआधी शिकवा

संपादक महोदय,

कारखाना असो वा कार्यालय, सुपरवायझरची जागा रिकामी झाली की एकच विचारणा होते: कामात सगळ्यात तरबेज कोण? त्याच्या हाती नेमणुकीचे पत्र पडते आणि पुढच्या सोमवारपासून तो दहा-बारा जणांचा साहेब होतो. मी कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांवर सुटे भाग घडवणाऱ्या विभागात, शिफ्ट इन्चार्ज होतो, आता निवृत्त आहे. ही पद्धत माणसांचे किती नुकसान करते ते जवळून पाहिले, म्हणून लिहितो आहे.

आमच्याकडे एक ग्राइंडर, म्हणजे ग्राइंडिंग मशीन चालवणारा कारागीर होता. मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक काम त्यानेच करावे. त्याला सुपरवायझर केले. नव्या मुलाचा जॉब, म्हणजे मशीनवरचा भाग, बिघडू लागला की "सरक बाजूला" म्हणून हा स्वतः मशीनवर उभा राहायचा. जॉब वेळेत निघायचा, मुलगा मात्र कोराच राहायचा. रजा कोणाची मंजूर करायची, ओव्हरटाइम कोणाला द्यायचा, दोघांत बिनसले तर आधी कोणाचे ऐकायचे, यातले काहीच त्याला कोणी शिकवले नव्हते. चांगली पोरे बदली मागून निघून गेली. त्या ग्राइंडरचा यात काय दोष? उत्तम कारागीर गेला आणि कंपनीला सुपरवायझरही मिळाला नाही.

हे शिकवता येत नाही असे कोणी म्हणू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या सुपरवायझरांसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा उपक्रम चालला. त्यातला एकेक अभ्यासक्रम अवघ्या १० तासांचा होता. काम कसे शिकवावे यासाठी ४ पायऱ्या: शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, काम करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, नंतर लक्ष ठेवा. माणसांशी कसे वागावे यासाठीही साध्याच गोष्टी होत्या. काम कसे चालले आहे ते ज्याचे त्याला सांगा. चांगल्या कामाचे श्रेय वेळेवर द्या. ज्या बदलाची झळ त्याला लागणार, तो आधी कानावर घाला. या शेवटच्या गोष्टीकडे आजही सर्रास दुर्लक्ष होते; शिफ्ट बदलल्याचे लोकांना नोटीस बोर्डावरून कळते.

अॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या अभ्यासकांनी अमेरिकी कंपन्यांतील विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासून २०१९ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. जास्त विक्री करणाऱ्यालाच बढती मिळण्याची शक्यता अधिक होती. पण बढतीआधी ज्यांची विक्री अधिक, त्यांच्या हाताखालच्या लोकांची कामगिरी उलट खालावलेली आढळली. मशीन शॉपमधल्या कोणालाही याचे नवल वाटणार नाही.

व्यवस्थापनांना माझे सांगणे आहे की पगार वाढवायचा तर माणसे सांभाळावीच लागतील, ही अट आधी काढा. कसबी माणसाला त्याच्या कसबावरच वरची श्रेणी द्या. ज्याला पुढे इन्चार्ज व्हायचे आहे त्याला आधी एक शिकाऊ द्या आणि तो मुलगा किती तयार झाला ते पाहा. इन्चार्ज रजेवर असेल तेव्हा शिफ्ट त्याच्यावर सोपवा, संध्याकाळी त्याच्याशी बसून बोला. आणि जमले नाही तर पगाराला धक्का न लागता मूळ कामावर परतता येईल, हे नेमणुकीच्या पत्रातच लिहून द्या.

– एक निवृत्त शिफ्ट इन्चार्ज