सुतारमामा, आईंच्या खोलीचं दार आता लागतं

सुतारमामा, सप्रेम नमस्कार.

नाव कुठं लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानणार आहे. श्रावणात तुम्ही आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरी जे केलंत, ते पावसाळ्यात दाराशी झटापट करणाऱ्या प्रत्येकाला कळावं असं मला मनापासून वाटतं.

मधल्या खोलीतून आईंच्या खोलीत जायचं ते दार. सासूबाईंना मी आईच म्हणते. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी तिथं ४५ ची. त्या वेळी हे दार वरच्या बिजागरीसकट पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर गाळ काढला, भिंती रंगवल्या, दार तसंच राहिलं. दर पावसाळ्यात जास्त घासायला लागलं आणि शेवटी चौकटीत बसेचना. आम्ही पडदा टांगला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आई रोज दिवा मालवून लुगडं बदलायच्या. मला ते दिसत होतं, आणि तरी मी ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणत राहिले. त्याची खंत अजून जात नाही.

आधी एक जण येऊन गेला होता. दार फुगलंय, दोन सूत, म्हणजे पाव इंच, रंधा मारावा लागेल, नाहीतर नवीनच बसवा, असं त्याचं म्हणणं. आम्हालाही ते पटलं होतं.

तुम्ही शेजारी पलंगाचं काम करत होतात. मी जिन्यातूनच हाक मारली. तुम्ही आलात, पण पिशवी उघडलीच नाही. पाळण्याला झोका द्यावा तसं दार दोन-चारदा हलवून बघितलंत. मग आमच्या पोराच्या दप्तरातला निळा खडू मागितलात, दाराच्या कडेला वरपासून खालपर्यंत फासलात आणि दार जोर लावून ओढलंत. चौकटीवर निळा डाग उमटला तो फक्त वर, कडीच्या बाजूच्या कोपऱ्यात, वीतभर. तुम्ही मला जवळ बोलावून दाखवलंत. “लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत नाही. फुगलं असतं तर सगळी कड घासली असती. हे दार फुगलेलं नाही, उतरलंय.”

मग मूठ धरून दार वर उचललंत, तर वरची बिजागरी चौकटीपासून सुटून हलली. तिचे दोन स्क्रू तुम्ही नुसत्या बोटांनी उपसले. पुराच्या पाण्यात गंजलेले, आणि भोवतीचं लाकूड भुसा झालेलं. इतकी वर्षं आम्ही दाराच्या कडेला दोष देत होतो!

दाराखाली पाचर ठोकून तुम्ही त्याचा भार पेललात. बांबूच्या काड्या चाकूनं तासून, फेविकॉलमध्ये बुडवून त्या पोकळ भोकांत ठोकल्यात आणि पटाशीनं सपाट केल्यात. “आज हात लावायचा नाही,” म्हणून निघून गेलात. दुसऱ्या दिवशी इंचाच्या जागी दोन इंची स्टीलचे स्क्रू, त्यांना आधी साबण चोळून. साबण कशाला, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही कंटाळला नाहीत. स्क्रू सरळ आत जातो आणि लाकूड चिरत नाही, एवढं सांगून तुम्ही माझ्याही हातात स्क्रूड्रायव्हर दिलात. शेवटचा स्क्रू मी पिळला.

तरी दार वरच्या बाजूला थोडं चिकटत होतंच. मला वाटलं, आता रंधा निघणार. तुम्ही म्हणालात, भर श्रावणात तासलं तर उन्हाळ्यात बोटभर फट पडेल. त्याऐवजी स्टुलावर चढून दाराच्या माथ्यावरून हात फिरवलात. तिथं ना रंग, ना पॉलिश, कोरं लाकूड. खालून कोणाला दिसत नाही म्हणून दार बसवणाऱ्यानं सोडून दिलेलं, आणि हवेतला ओलावा तिथूनच आत शिरत होता. पॉलिश पेपर मारून तुम्ही त्यावर व्हार्निशचे दोन हात दिलेत. तरुणपणी मिरजेत सतारीच्या कारखान्यात तुणीचं लाकूड वाळत ठेवायला शिकलात, असं बोलता बोलता म्हणालात. घाई कुठं करायची नाही हे तुमच्या हाताला तिथंच कळलं असणार.

मग आई उठल्या. आत गेल्या, दार ओढलं आणि दोन बोटांनी कडी सरकवली. खट्ट! आपण दोघं बाहेर उभे. आतला दिवा चालूच होता. बऱ्याच वेळानं त्या नवं लुगडं नेसून बाहेर आल्या आणि तुम्हाला चहा विचारला. तुम्ही दीडशे रुपयांच्या वर एक पैसा घेतला नाहीत.

थंडीत एकदा बघून कळवा, असं सांगून गेला होतात, म्हणून कळवते. पौषात बघितलं. वरच्या कोपऱ्यात रुपयाचं नाणं सहज फिरतं, घासायचं पूर्ण थांबलंय, बिजागरी जागची हललेली नाही. रंधा लागणार नाही. कामासाठी आता यायला नको, पण आईंनी तिळाच्या वड्या काढून ठेवल्यात. शेजारी आलात तर जिना चढून या.

तुमची,
गावभागातली सूनबाई, सांगली