टेबलावरचा फोन वाजून राहिला, उचला ना कोणीतरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरकारी ऑफिसात फोन कोणी उचलत नाही ही तक्रार नेहमीचीच. मी इथेच सिव्हिल लाईन्सला एका प्रायव्हेट ऑफिसात टेलिफोनचा बोर्ड सांभाळतो म्हणून थोडं लिहितो. आळस असतो, नाही म्हणत नाही, पण पुष्कळदा ज्याचा फोन वाजतो तो जागेवर नसतो अन् बाजूच्याला वाटतं आपला नाही तर कशाला उठायचं. अहो पण उठायचं कामच नाही! पिकअप ग्रुप नावाची सोय असते, आपल्याच फोनवर पिकअपचं बटण किंवा कोड दाबला की तिकडे वाजणारा कॉल इकडे येतो. कॉम्प्युटरच्या नेटवर्कच्या (लॅनच्या) वायरवर चालणाऱ्या नव्या फोनला तर बाजूला लाईटवाली बटणं असतात, ज्याचा फोन वाजतो त्याचा लाईट लुकलुकतो, तो दाबायचा अन् बोलायचं. पण आधी ऑफिसच्या फोन सिस्टीममधे कोणकोणते फोन एकत्र त्याचा ग्रुप बनवावा लागतो ना. फोन बसवणारा व्हेंडर येतो, डायलटोन दाखवतो, सही घेतो अन् जातो, बटणांजवळची नावाची पट्टी कोरीच.

कॉल दुसऱ्या टेबलाकडे ट्रान्सफर करायचं तर विचारूच नका. बटण दाबलं, एक्सटेन्शन (आतला नंबर) दाबलं, रिसीव्हर ठेवून दिला, मग तो कॉल बिचारा रिकाम्या केबिनमधे वाजत बसतो. ठेवायच्या आधी थांबा, समोरच्याला सांगा की उमरेडहून फोन आहे, फेरफारचं विचारून राहिले, तो हो म्हणाला की मग सोडा, कोणी नसलं तर कॉल परत आपल्याकडे घ्या अन् निरोप लिहून ठेवा. जुन्या फोनवर यासाठी फ्लॅशचं बटण असतं, काही जण त्याऐवजी रिसीव्हर ठेवायची खिटीच दाबतात, ती जरा जास्त वेळ दाबली गेली की कॉल कट! अन् होल्ड न करता रिसीव्हर टेबलावर ठेवणारे तर ग्रेटच, आज तर्री पोहा कोण आणणार ही सगळी चर्चा समोरचा ऐकतो.

काटोल-उमरेडचा माणूस एसटीत बसायच्या आधी फोन करतो तो साहेब आहेत का एवढंच विचारायला. मे महिन्यात ४५ डिग्रीत गणेशपेठ स्टँडवर उतरून ऑटो करून यायचं अन् साहेब दौऱ्यावर. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की अर्धा स्टाफ त्या ड्युटीवर, टेबलं रिकामी अन् फोन मात्र जास्त.

म्हणून अधिवेशनाच्या आधीच सरकारी ऑफिसांनी मेन्टेनन्सवाल्याला बोलावून पिकअप ग्रुप बनवून घ्यावे, चार-पाच रिंगनंतर कॉल बाजूच्या टेबलावर जाईल असं फॉरवर्डही लावून घ्यावं. ग्रुपमधे कोण कोण ते मात्र शाखेतल्या लोकांनीच ठरवावं, नाहीतर आस्थापनेचा फोन लेखा शाखेत वाजत बसेल.

– एक वाचक, सिव्हिल लाईन्स, नागपूर