हळदीसाठी केलं ते अभंगासाठीही करा: वाणिज्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. पीयूष गोयल साहेब यांस,
स.न.वि.वि.

तुम्ही केंद्रीय वाणिज्य आणि उद्योग मंत्री आहात आणि आमच्या उत्तर मुंबईचे खासदार पण आहात, म्हणून पारंपरिक अभंगांवर कंपन्या कॉपीराइटचे दावे लावतात त्याबद्दलचं हे पत्र दुसऱ्या कुणाला न लिहिता तुम्हालाच लिहितोय. बऱ्याच जणांना वाटतं की गाण्याबिण्याचं सगळं सांस्कृतिक खात्याकडे असतं नाहीतर माहिती-प्रसारणकडे, मलाही तसंच वाटायचं, पण कॉपीराइटचा कायदा २०१६ पासून तुमच्या मंत्रालयातल्या विभागाकडे आहे, आज ज्याला डीपीआयआयटी (उद्योग आणि अंतर्गत व्यापार संवर्धन विभाग) म्हणतात त्याच्याकडे, हे मला एका नऊ मिनिटांच्या व्हिडिओमुळे कळलं.

माझे वडील दहिसरला एका भजनी मंडळात पेटी वाजवतात. मूळचे सातारकडचे, गिरणीत नोकरीला आले, १९८२ च्या संपानंतर जे हजारो लोक बाहेर पडले त्यात तेही होते, मग मिळेल ते काम केलं पण एकादशीचं भजन कधी चुकवलं नाही. नोकरीला जातानासुद्धा विरार लोकलच्या त्या ठरलेल्या डब्यात टाळ वाजायचे, तुम्ही रेल्वेमंत्री होतात, लोकलमधलं भजन तुम्हाला मी काय सांगणार. तर दोन वर्षांपूर्वी कार्तिकी एकादशीला मी मंडळाचं भजन मोबाइलवर रेकॉर्ड केलं. हात हललाय, मध्येच कुणाच्या तरी घरच्या कुकरची शिट्टी ऐकू येते, पण भजन असं रंगलंय की काय सांगू, विशेषतः आमचे पखवाजवाले काका, ‘सुंदर ते ध्यान’ला त्यांनी शेवटी जी लग्गी, म्हणजे वेगातला रंगतदार ठेका, लावलीय ती ऐकून वडील पेटी वाजवता वाजवता हसायला लागलेत, ते पण व्हिडिओत दिसतं. मी तो एका मोठ्या व्हिडिओ प्लॅटफॉर्मवर टाकला, म्हणजे गावाकडच्या लोकांना बघता येईल एवढ्यासाठीच, पैसे कमवायचा काही प्रश्नच नव्हता, आमच्या चॅनलला दोनशे लोक पण नव्हते.

तिसऱ्या दिवशी मेल आला की तुमच्या व्हिडिओत कॉपीराइट असलेलं संगीत आहे आणि त्यावर एका म्युझिक कंपनीचा दावा आहे. व्हिडिओ काढला नाही, पण त्यावर जाहिराती सुरू झाल्या आणि जाहिरातीचे पैसे त्या कंपनीला जाणार, आणि खाली अल्बमचं नाव आणि कंपनीचं नाव दिसायला लागलं. मी त्या अल्बममधलं गाणं ऐकलं. दुसराच गायक, की-बोर्ड, ऑक्टोपॅड, आमच्या भजनाशी सारखं म्हणाल तर शब्द आणि थोडी चाल.

शब्द कुणाचे, तर तुकोबांचे. चाल कुणाची, तर वडिलांनी त्यांच्या चुलत्यांकडून घेतली, त्यांनी गावातल्या बुवांकडून, त्याच्या मागचं कुणाला माहीत नाही. वारकरी भजनात अशाच चालतात चाली, तोंडातून कानात.

इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायची आहे, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एकच बाजू मांडतोय. अभंगाचे शब्द मोकळे असले तरी चाल मोकळी असेलच असं नाही. एखाद्या संगीतकाराने अभंगाला स्वतः नवी चाल लावली असेल तर ती चाल त्याची, तो गेल्यावरही ६० वर्षं त्याच्या घरच्यांचा त्यावर हक्क आहे, आणि तो मिळालाच पाहिजे. मराठीत असे थोर संगीतकार झालेत ज्यांच्या चाली आता लोकांना परंपरेच्याच वाटतात, त्यांचे पैसे बुडावेत असं मी कधीच म्हणणार नाही. रेकॉर्डिंगचा हक्क आणखी वेगळा, प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग या तीन वेगळ्या वस्तू आहेत. पण प्लॅटफॉर्मची मशीन दावा लावते तेव्हा तीनपैकी नक्की कशावर ते आमच्यासारख्याला कळेल असं सांगत नाही हो! आम्ही भांडायचं कशाशी?

ही मशीन कशी चालते तेही वाचून काढलं. कंपनी आपलं रेकॉर्डिंग प्लॅटफॉर्मकडे नमुना म्हणून देऊन ठेवते, प्लॅटफॉर्म त्या आवाजाचा एक ठसा बनवून ठेवतो आणि नवीन येणारा प्रत्येक व्हिडिओ त्या ठशांशी ताडून बघतो, नुसतं तेच रेकॉर्डिंग नाही तर नुसती चाल जुळली तरी पकडतो. आता भजनात ठेका तोच, पेटी तीच, चाल तीनशे गावांत थोड्या फरकाने तीच. ज्याने आधी नमुना जमा केला त्याच्या नावावर सगळं. माझी हरकत मी नोंदवली तर ती गेली कुणाकडे, तर दावा करणाऱ्या कंपनीकडेच! त्यांनी ३० दिवसांत ठरवायचं की आपण खरे की हा खरा. ते नाही म्हणाले तर मी अपील करायचं, आणि अपील फसलं तर चॅनलवर स्ट्राइक, तीन झाले की चॅनल बंद. हे वाचून वडील म्हणाले, राहू दे, कशाला नसत्या भानगडीत पडतोस. किती भजनी मंडळांनी असंच राहू दे म्हटलं असेल.

मी पण राहूच दिलं असतं. पण पखवाजवाले काका पुढच्या आषाढीच्या आधी गेले. त्यांचा नीट दिसणारा, वाजवतानाचा व्हिडिओ म्हणजे हा एकच. त्यांची मुलगी नाशिकला असते, तिने तो बघितला आणि मला फोन केला, म्हणाली दादा, बाबांनी कधी कंपनीसाठी वाजवलं होतं का, खाली कंपनीचं नाव येतंय. मला काय उत्तर द्यावं सुचेना.

त्या रात्री मी १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडला, वकील नाहीये मी, अकाउंट्समध्ये काम करतो, पण इंग्रजी वाचता येतं. त्यात कलम ३८ आहे, सादरीकरण करणाऱ्या कलाकाराचा हक्क. ५० वर्षांचा. म्हणजे साहेब, काकांच्या त्या पखवाजाचा हक्क कायद्याने काकांचा आहे, त्यांच्यानंतर त्यांच्या मुलीचा आहे, आणि स्क्रीनवर नाव तिसऱ्याच कुणाचं. त्याच कायद्यात कलम ६० आहे की कुणी खोट्या हक्काची धमकी दिली तर तुम्ही कोर्टात जाऊ शकता. जाऊ शकता, बरोबर आहे, पण कुठे? पूर्वी कॉपीराइट बोर्ड होतं, ते २०१७ ला आयपीएबीमध्ये, म्हणजे बौद्धिक संपदा अपील मंडळात, मिसळलं, आणि २०२१ ला आयपीएबीच बंद केलं, आता कॉपीराइटचं भांडण म्हणजे थेट कोर्ट. एकादशीला प्रत्येकी वीस रुपये वर्गणी काढणारं मंडळ कोर्टात उभं राहील का?

मोठ्या कलाकारांना कोर्टाचा उपयोग होतो आणि झालाही. २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशाताई भोसले यांच्या आवाजाची एआयवर नक्कल होत होती तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना संरक्षण दिलं, बातमी वाचून मला खरंच आनंद झाला, आवाज ही माणसाची स्वतःची गोष्ट आहे आणि ती कुणीही उचलून न्यावी हे भयंकर आहे. पण त्यांच्याकडे वकील आहेत. आमच्या मंडळात आवाज लावणारे बुवा भाजीचा गाळा चालवतात.

आता खरी भीती सांगतो. डिसेंबर २०२५ मध्ये तुमच्याच विभागाने एआय आणि कॉपीराइटवर वर्किंग पेपर काढला. एआय कंपन्यांना त्यांचं एआय शिकवण्यासाठी लागणारं सगळं साहित्य-संगीत सरसकट परवान्याने वापरू द्यायचं आणि त्या बदल्यात कंपन्यांकडून पैसे घेऊन निर्मात्यांना वाटायचे, असा प्रस्ताव आहे. कल्पना मला पटली. फुकट उचलण्यापेक्षा हे लाख पटीने चांगलं. पण वाटताना कुणाची यादी धरणार? ज्यांच्या नावावर आज मशीनमध्ये अभंग, गवळणी, भारुडं, भूपाळ्या चढवलेल्या आहेत त्यांचीच धरली तर? तर आजवर आमच्या नऊ मिनिटांवरच्या जाहिरातीचे चार पैसे जात होते, उद्या तुकोबा, एकनाथ, जनाबाई या सगळ्यांच्या नावाचे एआयवाले पैसे सरकारी शिक्क्यानिशी भलत्याच खात्यात जातील, आणि एकदा वाटप सुरू झालं की ते कुणी परत घेत नाही. म्हणून हे पत्र आत्ताच लिहायची घाई.

जुन्या रेकॉर्डचं पण तेच. बालगंधर्वांच्या, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या, त्या काळच्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, त्यांची ६० वर्षं कधीच उलटून गेलीत. वेडे लोक आहेत, स्वतःच्या पैशाने सुई, टर्नटेबल घेऊन, खरखर साफ करून ते संगीत लोकांसमोर ठेवतात, आणि त्यांच्यावरही दावे येतात.

उपाय आपल्याकडे आधीच झालेला आहे, फक्त गाण्यासाठी झालेला नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं. आपल्या प्रत्येक आजीला माहीत असलेली गोष्ट! सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं, तेव्हा तिथे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, आपले गोव्यातल्या माशेलचे, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द करून घेतलं. पण नुसतं जिंकून थांबले नाहीत ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक वेळी कोर्टकचेरी कोण करणार, म्हणून २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं केलं, आयुर्वेद-युनानीच्या पोथ्यांमधली माहिती पाच परदेशी भाषांत घातली, पेटंट तपासणाऱ्याने पेटंट द्यायच्या आधीच बघावं की हे जुनं आहे का. तसंच अभंगासाठी करा ना साहेब. तुकोबांची गाथा तर सरकारनेच १९५० मध्ये छापलेली आहे, म्हणजे शब्दांचं निम्मं काम होऊन बसलंय. त्यात ज्ञानेश्वर, नामदेव, चोखोबा, मुक्ताई, एकनाथ, सगळे घाला, देवनागरीत, शोधता येईल असं. आणि मग गावोगाव माणसं पाठवून जुन्या बुवांकडून पारंपरिक चाली रेकॉर्ड करून घ्या, कुठल्या फडाची, कुठल्या गावची, कुणाकडून आली ते लिहून, कारण चालीसाठी छापील पुरावा नसतो, माणूस हाच पुरावा असतो आणि आमचा एक तर गेला. दुसऱ्या राज्यांतलं पण घ्या, कबीर, मीराबाई, पुरंदरदास, तो प्रश्न फक्त मराठीचा थोडाच आहे.

आणि ही यादी झाली की प्लॅटफॉर्मना नियम करा की यात असलेल्या रचनेवर दावा लावायचा असेल तर आधी सांगा शब्दावर, चालीवर की रेकॉर्डिंगवर, चाल असेल तर कुणाची आणि कुठल्या वर्षाची. हरकतीचा निकाल दावा करणाऱ्याने द्यायचा नाही, तिसऱ्या कुणीतरी द्यायचा, घरबसल्या, मराठीत अर्ज करता येईल असा. खोटा दावा निघाला तर तोपर्यंतचे पैसे परत आणि वर दंड. एवढं करायला फार मोठा कायदा लागणार नाही असं मला वाटतं.

संगीतात सरकार कशाला पाहिजे असं काही मित्र म्हणतात. त्यांना मी केसकरांची गोष्ट सांगतो, बा. वि. केसकर, मराठीच माणूस, १९५२ पासून दहा वर्षं माहिती-प्रसारण मंत्री, त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली, लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं, आणि शेवटी १९५७ ला विविध भारती काढावी लागली. पेटी तर त्याच्याही आधी, १९४० लाच आकाशवाणीवर बंद झाली होती, तीसेक वर्षं. तरी भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही. तेव्हा सरकारने काय गावं ते सांगू नये हे मलाही मान्य आहे, मी फक्त म्हणतोय जे सगळ्यांचं आहे ते सगळ्यांचं आहे एवढं लिहून ठेवा. ३ ऑक्टोबर २०२४ ला तुमच्याच मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला, त्या दिवशी वडिलांनी मंडळात पेढे वाटले होते.

आमच्या व्हिडिओचं पुढे काय झालं तेही सांगतो. मी हरकत नोंदवली, ३० दिवस कंपनीकडून कुणी उत्तर दिलं नाही आणि दावा आपोआप उतरला. काकांच्या मुलीला स्क्रीनशॉट पाठवला. दोन महिने गेले, आणि त्याच व्हिडिओवर, त्याच अभंगावर, वेगळ्याच कंपनीचा दावा आला. तो आज अठराव्या दिवसावर आहे.

येत्या एकादशीला संध्याकाळी सातला मंडळाचं भजन आहे. मतदारसंघात असाल तर या. पखवाजावर आता काकांचा नातू बसतो, अकरावीत आहे, लग्गी अजून घाईत जाते त्याची, पण हात आजोबांचाच आहे.

आपला,
दहिसरचा एक मतदार