पहिली ‘फस्ल’ हाती आली

अम्मान, जॉर्डन
18 डिसेंबर 2025

ती. आई-बाबांना सा. नमस्कार वि. वि.

आपले बोलणे रोज होतेच. पण आजीला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि ओझरचा एक मुलगा परवा सुट्टीसाठी गावी निघाला आहे, म्हणून हे पत्र त्याच्या हाती देत आहे. आजीला ते सावकाश वाचून दाखवावे.

अरबीच्या वर्गाचे पहिले सत्र आज संपले. शंभरपैकी 86 गुण मिळाले. बाबा, इथे सत्राला ‘फस्ल’ म्हणतात, म्हणजे आजोबांच्या जुन्या कागदांवरच्या, शेतसाऱ्याच्या ‘फसली सना’तला तोच शब्द. विद्यार्थ्याच्या प्रगतीला इथे ‘तहसील’ म्हणतात आणि शेतातल्या पिकाला ‘महसूल’. वर्गात हे तीन शब्द आले, तेव्हा मला सातबारा काढायला रांगेत उभे असलेले तुम्ही आठवलात आणि हसू आवरेना; गुरुजींना कारण समजावून सांगण्याइतकी अरबी मात्र मला त्या दिवशी येत नव्हती. पुस्तकातली अरबी आणि रस्त्यावरची अरबी यांत फार अंतर आहे. पहिल्या महिन्यात वाण्याकडे मी ‘उरीदु’, म्हणजे ‘मला हवे आहे’, म्हणून पाणी मागितले, तेव्हा भद्रकालीच्या बाजारात कोणी पोथीतल्या मराठीत कोथिंबिरीचा भाव विचारावा तसे त्याने माझ्याकडे पाहिले. इथे सगळे ‘बिद्दी’ म्हणतात. आता मीही म्हणते.

आई, तू बातम्यांतला नकाशा पाहून घाबरतेस. त्या नकाशात सगळेच देश एकमेकांना चिकटलेले दिसतात. प्रत्यक्षात इथे शाळा, बाजार, बस सगळे नेहमीप्रमाणे चालू आहे. अंधार पडल्यावर मी बाहेर पडत नाही असे मागे सांगितले होते, ते अगदी खरे नव्हते, कारण डिसेंबरात इथे सहाच्या सुमारास अंधार पडतो आणि माझा वर्ग सहालाच सुटतो. परंतु सोबत मैत्रिणी असतात आणि ठरलेल्या मार्गाची सामायिक टॅक्सी घराजवळ सोडते. बारीक झाले आहे हे फोटोवरून ठरवू नकोस. हुम्मुस, फलाफल, मसूर घातलेला भात यांवर शाकाहारी माणूस उत्तम जगतो.

एक गोष्ट मात्र आजीला सविस्तर सांगायला हवी, ती म्हणजे इथली कॉफी. पाहुणा आला की बिनसाखरेची, वेलची घातलेली कडू कॉफी येते. यजमान डाव्या हातात किटली आणि उजव्या हातात बिनकानाचे वाटीएवढे कप घेऊन उभा राहतो आणि घोट-दोन घोट ओततो. पाहुण्यानेही कप उजव्याच हाताने घ्यायचा. आपण पंगतीत पानावर हात आडवा धरतो, तसे इथे काही नाही, आणि नुसते ‘पुरे’ म्हटले तर तो संकोच समजला जातो. रिकामा कप परत देताना तो मनगटातून दोन-तीनदा हलवायचा, तरच ओतणे थांबते. मला हे ठाऊक नव्हते. घरमालकीणबाईंच्या घरी मी प्रत्येक वेळी कप नम्रपणे परत करत गेले आणि त्यांचे वृद्ध वडील तितक्याच नम्रपणे तो भरत गेले. सहावा कप संपल्यावर त्यांच्या नातीने माझे मनगट धरून हलवले. त्या रात्री मला पहाटेपर्यंत झोप नव्हती.

याच कॉफीवर इथली लग्ने ठरतात. मुलाकडची वडीलधारी मंडळी मागणी घालायला येतात, त्यांच्यापुढे कॉफी ठेवली जाते. पण मागणी मान्य झाल्याशिवाय त्यांच्यातला ज्येष्ठ माणूस कपाला हात लावत नाही. मग मुलीकडचे वडीलधारे म्हणतात, ‘आपली कॉफी घ्या’, आणि सगळे एकदम पितात. घरमालकीणबाईंच्या भाचीचे असे ठरले, तेव्हा मी आत बायकांत बसले होते.

आता मूळ गोष्ट, जी फोनवर तीनदा ओठांवर येऊन राहिली. या सुट्टीत मी येत नाही. जाण्यायेण्याच्या तिकिटाला 45,000 रुपये पडतात, आणि एक दिनार सव्वाशे रुपयांच्या आसपास असताना तेवढ्यात माझे इथले महिन्याहून अधिक भागते. गुणांमुळे पुढच्या सत्राची फी निम्मी झाली आहे, म्हणून मी जानेवारीसाठी नाव घातले आहे. तुम्हाला आधी विचारायला हवे होते, हे मला कळते. यंदा मे महिन्यापासून पाऊस हटला नाही, बागेत घड कमी निघाले, सोसायटीचे कर्ज मार्चअखेर भरायचे आहे, हेही मी विसरलेले नाही. बाबा, आता निफाडच्या थंडीत तुम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवत असाल आणि गुडघ्याचे दुखणे कोणाला सांगत नसाल. उरलेली निम्मी फी मी इथल्या खर्चातून वाचवलेल्या पैशांत भरली आहे; द्राक्षाच्या पैशांतून माझ्यासाठी काही काढू नये.

सिन्नरची मंडळी जानेवारीत पोह्यांना येणार होती, त्यांना एप्रिलअखेरपर्यंत थांबण्याविषयी कळवावे. मुलगा चांगला आहे, माझा नकार नाही. त्यांना थांबणे जमणार नसेल, तर त्यांनी अन्यत्र पाहावे, मला वाईट वाटणार नाही. आई, तू मात्र रडू नकोस, दिवाळीला फोनवर तुझा आवाज तसाच येत होता.

सोबत आजीसाठी जॉर्डन खोऱ्यातले मेजुल खजूर पाठवत आहे. बिया मी काढून टाकल्या आहेत, तिच्या दाताला लागायच्या नाहीत.

तुमची,
शुभदा