पावसाआधी अण्णांची लस

नाशिक,
रविवार, १० मे २०२६

प्रिय विजू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "अण्णांना फ्लूची लस खरंच द्यायची का, की डॉक्टरांचं आपलं उगीच?" मी तेव्हा रविवार कारंजावर गर्दीत उभा होतो, धड बोलता आलं नाही. विषय दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

द्यायची. आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी द्यायची. अण्णांना, काकूंना आणि तुझी बहीण सीमा बाळंतपणाला माहेरी येतेय म्हणून तिलाही.

तू म्हणालास, फ्लू म्हणजे चार दिवसांचा ताप. तुझ्या-माझ्यासाठी बहुतेक वेळा तसंच असतं. अण्णांचं तसं नाही. बहात्तर वर्षांचं वय, जुना मधुमेह आणि वर हृदयात स्टेंट. फ्लूच्या तापात साखर एकदम वर जाते, खाणं तुटतं, गोळ्यांचं गणित बिघडतं. त्याहून मोठी भीती हृदयाची आहे. कॅनडात झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला होता. फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळलं, आणि तेही बहुतांशी वयस्क माणसांत. हे वाचल्यापासून अण्णांच्या लसीचा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही, असं मी तुला सांगणार नाही, कारण ते खरं नाही. लसीतले विषाणू आणि त्या वर्षी फिरणारे विषाणू चांगले जुळले, तर फ्लूमुळे डॉक्टरकडे जायची वेळ साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. पण लस घेऊनही ज्यांना फ्लू होतो त्यांचा आजार सहसा हलका राहतो, आयसीयूपर्यंत जायची पाळी कमी येते. अण्णांच्या बाबतीत मला तेवढंच हवंय. ताप आला तर येऊ दे, तो घरात बरा व्हावा.

आता मे महिन्यातच घाई का, तर फ्लूची साथ आपल्या भागात मुख्यतः पावसाळ्यात येते, जुलै ते सप्टेंबर. थंडीत पुन्हा एक छोटी लाट असते. विषाणू सतत रूप बदलतो म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते प्रकार घ्यायचे ते सुचवते. दक्षिण गोलार्धाची नवी लस साधारण उन्हाळ्यात आपल्याकडे येते आणि आपल्या पावसाळ्याला तीच बरी पडते. खोक्यावर हंगाम आणि मुदत छापलेली असते, ती मी स्वतः बघून घेईन. गेल्या वर्षीचा उरलेला साठा नको. टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणजे आता घेतली तर मृगापर्यंत काम झालेलं असेल.

माझ्या मामाचं तुला तुटक कळलं होतं, ते आज पूर्ण सांगतो.

मामा दिंडोरी तालुक्यात राहतो, द्राक्षाची बाग आहे. वय अठ्ठावन्न, अंगापिंडाने दणकट, कसला आजार नाही. गेल्या वर्षी गणपतीनंतर घरात सगळ्यांना ताप आला. मामालाही १०३, अंग मोडून आल्यासारखं, कोरडा खोकला. गावात दोन सलाईन लावून घेतल्या, कसली तरी अँटिबायोटिक सुरू झाली. चौथ्या दिवशी ताप उतरला तसा तो बागेत गेला, गोडी छाटणी तोंडावर होती. दोन दिवसांनी पुन्हा थंडी वाजून ताप. या वेळी खोकल्यातून पिवळा बेडका, उजव्या बाजूला श्वास घेताना कळ. घरच्यांना वाटलं, बागेत भिजला म्हणून उलटलं.

मी सहज फोन केला होता. मामा बोलायला लागला आणि दर तीन-चार शब्दांनंतर थांबत होता. "मजूर... उद्या येतील... मग बघू..." वाक्य एका श्वासात पुरं होत नव्हतं. मी मामीला फोन द्यायला सांगितला आणि म्हटलं, कोरोनातला ऑक्सिमीटर कपाटात असेल तर लाव. आकडा आला ८९. बोट बदललं, हात चोळून गरम केला, तरी ९०. तासाभरात त्याला गाडीत घालून नाशिकला आणलं. न्यूमोनिया निघाला. ऑक्सिजन लागला, आयसीयूत राहावं लागलं. सुखरूप घरी गेला, पण पायऱ्या चढायला दिवाळी उजाडली.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते असं. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेचं आतलं अस्तर सोलून काढतो, आणि त्या उघड्या जागेवर मग जिवाणू बसतात. म्हणून ताप उतरून माणूस बरा वाटायला लागला आणि पुन्हा ताप, खोकला वाढला, तर ते 'उलटलं' म्हणून घरात बसायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. यंदा मामाने मार्चमध्येच मला विचारून ठेवलं, लस कधी येते. म्हणाला, द्राक्षावरच्या डावणी रोगाची फवारणी पाऊस यायच्या आधी मारायची असते, पानावर डाग दिसल्यावर नुसती धावपळ होते. अण्णांना हे वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं, त्यांना पटल्यासारखं वाटलं.

तेव्हा विजू, लसीइतकीच ही दुसरी गोष्ट घरात माहीत पाहिजे. दम लागणं, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, नखं किंवा ओठ निळसर पडणं, गुंगी येणं, असंबद्ध बोलणं, लघवी फारच कमी होणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा किंवा रिक्षा करायची. ऑक्सिमीटर ९४च्या खाली उतरला तरी तेच. आकडा चांगला आहे पण माणूस धापा टाकतोय, अशा वेळी माणसाकडे बघायचं, आकड्याकडे नाही. म्हातारी माणसं कधी कधी तापतच नाहीत, नुसती गळून जातात, जेवत नाहीत, गोंधळतात. काकूंना हे मी मुद्दाम दोनदा सांगितलं, कारण अण्णा 'मला काही होत नाहीये' असंच म्हणणार.

आणि अण्णांच्या बाबतीत एवढं गंभीर व्हायची वाटच बघायची नाही. सरकारी सूचनेतच रुग्णांचे अ, ब, क असे गट केलेत. साधा सर्दी-ताप असलेल्या धडधाकट माणसाने घरी आराम करायचा, तपासणीही नको आणि विषाणूवरची गोळीही नको. पण मधुमेह, हृदय, फुफ्फुस, किडनीचे रुग्ण, ६५च्या पुढचे, गरोदर बायका यांना डॉक्टर तपासणीच्या रिपोर्टसाठी न थांबता ऑसेल्टामिविर सुरू करू शकतात. टॅमीफ्लू म्हणतात ते हेच. ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं काम करतं. म्हणजे अण्णांना अंगदुखीसह ताप आला की पहिल्याच दिवशी डॉक्टर. 'दोन दिवस बघू' म्हटलं की नेमके तेच दोन दिवस हातचे जातात. गोळी मात्र डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नको, आणि मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक तर अजिबात नको, विषाणूवर तिचा काही उपयोग नसतो. सलाईनचंही तसंच. माणूस तोंडाने पेज, ताक, पाणी घेऊ शकत असेल तर बाटली लावून आजार लवकर जात नाही. आपल्याकडे सलाईन लावली नाही तर उपचारच झाला नाही असं वाटतं, त्याने मला फार वाईट वाटतं. त्या समाधानात मामाचे दिवस वाया गेले.

एक बारीक गोष्ट. तापासाठी पॅरासिटामॉल पुरे. लहान मुलांना ॲस्पिरिन द्यायची नसते, हे ऐकून काकू घाबरल्या आणि अण्णांची रोजची ॲस्पिरिन बंद करू का विचारायला लागल्या. ती स्टेंटसाठी आहे, ती चालूच राहणार. तूही फोनवर सांग.

आता सीमा. तिला सातवा लागलाय ना? गरोदरपणात फुफ्फुसांना जागा कमी पडते, फ्लू जड जातो. ही लस मेलेल्या विषाणूची असते, कुठल्याही महिन्यात चालते. तिच्या अंगात तयार झालेलं संरक्षण वारेतून बाळाला मिळतं, आणि बाळाला सहा महिने पूर्ण होईपर्यंत स्वतःची लस देताच येत नाही. बाळ जन्मेल ऐन पावसाळ्यात, बघायला सगळा गोतावळा येणार, तेव्हा त्याच्याकडे आईकडून आलेलं तेवढंच असेल. तिच्या नागपूरच्या डॉक्टरांना विचारून तिथेच घेऊन आली तर उत्तम. मोठा चिंटू तीन वर्षांचा आहे, त्याला पहिल्यांदाच देणार असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतील. त्याला ताप असताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय का, पाणी प्यायचं सोडलंय का, एवढं तिने बघावं.

अण्णांच्या शंका ऐक. पहिली, कोरोनाची लस घेतलीय, ती चालेल की. नाही, विषाणू वेगळा. दुसरी, शेजारच्यांना लस घेऊन ताप आला. दंड दुखतो, एखाद दिवस कसकस होते, ती अंगाची तयारी. या लसीने फ्लू होऊच शकत नाही. तिसरी, एकदा घेतली की झालं ना? दर वर्षी घ्यावी लागते. हे सगळं ऐकून ते गप्प बसले आणि मग स्वतःच त्यांच्या आजीने सांगितलेलं बोलायला लागले. १९१८च्या मानमोडीच्या साथीत वाड्यातली तीन माणसं एका आठवड्यात गेली होती. देशभरात तेव्हा एक कोटीहून जास्त माणसं गेल्याचा अंदाज आहे. "तेव्हा काहीच नव्हतं रे," म्हणाले. मग काकूंना म्हणाले, शनिवारी जाऊ.

पुढच्या वर्षीची लसही आतापासून मनात धर. यंदा ऑक्टोबरअखेर सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे आणि मोठी स्नानं २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे बरोबर फ्लूच्या दिवसांत. तुमचं घर पंचवटीत, रामकुंडापासून चालत पाच मिनिटं. देशभरातली माणसं त्या गल्लीतून जातील, आणि अण्णा काही दार लावून बसणारे नाहीत, त्यांनी बसूही नये.

तर येत्या शनिवारी सकाळी मी दोघांना आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेतोय. मधुमेहाच्या रुग्णांना आणि गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते, पण साठा असेल तेव्हा, म्हणून मी बुधवारी त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करून येतो. नसेल तर खासगीत दीड-दोन हजारांच्या आसपास पडेल, पैशाचं आपण नंतर बघू. अण्णा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतात, तेव्हा टोचल्यावर कापूस न चोळता दोन-तीन मिनिटं नुसता दाबून धरायला लागेल, ते मी करीन. त्या दिवशी अंगात ताप असेल तर पुढे ढकलू.

तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. अण्णांना पूर्वी कुठल्या लसीची किंवा औषधाची जोरदार ॲलर्जी आली होती का, हे आठवून सांग. आणि अँजिओप्लास्टीची फाईल लोखंडी कपाटात आहे की तू नागपूरला नेलीस, ते आज रात्रीच कळव, काकूंना सापडत नाहीये.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू